पोर्तुगालच्या पातेल्यातला मेडिटरेनियन आहार

महोदय,

मेडिटरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांच्या पारंपरिक आहाराविषयी मराठी दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांत आता बरेच छापून येते. त्यात ऑलिव्ह तेलाची बाटली असते, सॅलडचा वाडगा असतो, अक्रोड-बदामांची मूठ असते. रात्रभर भिजवलेले पांढरे घेवडे त्यात नसतात, दोन दिवसांचा शिळा पाव नसतो आणि चुलीवरचे सूपही नसते. वाचकाच्या मनात त्यामुळे या आहाराचे चित्र महागड्या किराणा दुकानातल्या एका फळीएवढेच उरते. म्हणून पोर्तुगालविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. आपला पारंपरिक आहार टिकवायचा असे त्या देशाने सरकारी पातळीवर ठरवले. त्यासाठी कायदे केले आणि शाळांची जेवणे बदलली. काय साधले आणि काय हुकले, हे तिथे आकड्यांत दिसते.

पोर्तुगालचा किनारा भूमध्य समुद्राला लागतच नाही, तो सगळा अटलांटिकचा आहे. पण उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, आणि रानात ऑलिव्ह, अंजीर, द्राक्ष, गहू. त्यावर आधी रोमनांचा आणि मग काही शतके अरबांचा हात फिरला. तेलाला पोर्तुगीजमध्ये ‘आझैत’ म्हणतात, ऑलिव्हच्या फळाला ‘आझैतोना’, पावाच्या सूपाला ‘आसोर्दा’. हे तिन्ही शब्द अरबीतून आले आहेत. युनेस्कोने 2010 मध्ये स्पेन, इटली, ग्रीस आणि मोरोक्को यांच्या नावाने या आहाराची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. डिसेंबर 2013 मध्ये बाकू येथील बैठकीत पोर्तुगाल, सायप्रस आणि क्रोएशिया यांची भर पडली. पोर्तुगालतर्फे अल्गार्व प्रांतातले ताविरा हे गाव प्रतिनिधी ठरले. या नोंदीत पाककृतींची यादी नाही. पीक कसे घ्यायचे, मासा कसा धरायचा, कसा टिकवायचा, कसे शिजवायचे आणि एकत्र बसून कसे जेवायचे, या सगळ्या व्यवहाराची ती नोंद आहे.

ताविराची निवड उगाच झालेली नाही. गावालगत मिठागरे आहेत. शेजारच्या सांता लुझियात मडकी दोरीला बांधून समुद्रतळाशी सोडतात आणि निवाऱ्यासाठी आत शिरलेले ऑक्टोपस वर ओढून घेतात. आतल्या टेकड्यांवर ऑलिव्ह, बदाम, अंजीर आणि कॅरोब (गोड शेंगांचे झाड) या चार झाडांच्या कोरडवाहू बागा आहेत. दर सप्टेंबरात गावात या आहाराची जत्रा भरते आणि गर्दीही होते. पण जत्रेने आहार टिकत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. जत्रेत माणूस वर्षातून एकदा जेवतो. कोरडवाहू बागांच्या जागी पाटाच्या पाण्यावरची संत्री आणि अवोकाडो येत राहिले, तर दहा वर्षांनी जत्रेतले अंजीर बाहेरून आणावे लागेल.

आता आकडे. पोर्तुगालमध्ये 1977 पासून ‘अन्नचक्र’, म्हणजे काय किती खावे हे दाखवणारे सरकारी चित्र, वापरात आहे. त्याची 2003 ची सुधारित आवृत्ती दिवसभराच्या खाण्याचे सात गट पाडते: धान्ये व कंद 28 टक्के, भाज्या 23, फळे 20, दूध व दुधाचे पदार्थ 18, मांस-मासे-अंडी 5, कडधान्ये 4, तेल-तूप 2. पाणी चक्राच्या मधोमध आहे. या रचनेत एक शहाणपण आहे. कडधान्यांना मांसाच्या गटात पर्याय म्हणून न कोंबता स्वतःचा वेगळा खण दिला आहे. 2016 मध्ये पोर्तु विद्यापीठ आणि आरोग्य संचालनालय यांनी याच चक्राची भूमध्य आवृत्ती काढली. आता देशात प्रत्यक्ष काय उपलब्ध होते ते पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अन्न ताळेबंदात, म्हणजे देशात उपलब्ध अन्नाच्या हिशेबात, मांस-मासे-अंड्यांचा वाटा शिफारशीच्या तिपटीहून जास्त भरतो. कडधान्यांचा वाटा 4 टक्के हवा तिथे 1 टक्काही नाही. भाज्या आणि फळेही कमी पडतात. तेलाची बाटली घरोघरी आहे, आणि तरीही आहार मोडला आहे. ज्यांना फक्त तेल बदलून भूमध्य आहार साधायचा आहे, त्यांनी हा ताळेबंद जरूर डोळ्यांसमोर ठेवावा.

मोडलेला आहार जिथे अजून तग धरून आहे ती जागा म्हणजे सूप. पोर्तुगीज घरात सूप केवळ आजारपणात करत नाहीत. ते रोजच्या जेवणाची सुरुवात असते, आणि गरिबाच्या घरी रात्रीचे सगळे जेवण असते. त्याची रचना समजून घेतली की भाजी आणि कडधान्ये पोटात जायचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही हे पटते. सूपाचे दोन थर असतात. खालचा थर शिजवून घोटलेला, वरचा थर न घोटलेल्या भाजीचा. सहा माणसांसाठी दीड लिटर पाणी, 150 ग्रॅमचा एक कांदा, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, एक गाजर, 200 ग्रॅम बटाटा आणि 200 ग्रॅम शिजलेला पांढरा घेवडा किंवा काबुली चणा. कांदा, लसूण, गाजर आणि बटाटा वीस मिनिटे उकळून मऊ झाले की घेवड्यासह घोटायचे. मग त्यात 250 ते 300 ग्रॅम पालेभाजी किंवा चिरलेला कोबी, फरसबी, सलगम घालायचे. शेवटी आच बंद करून दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल. एवढ्यात माणशी ताटलीभर भाजी बसते आणि ती कोणाला जड जात नाही.

बिघडते ते तीन ठिकाणी. पहिले, घेवड्याच्या जागी सगळा बटाटाच टाकतात, कारण घेवडा आदल्या रात्री आठवणीने भिजवावा लागतो. चवीत फरक कळत नाही, पण ताटातून कडधान्य निघून जाते. अन्नचक्रातली कडधान्यांची 4 टक्क्यांची जागा ताळेबंदात रिकामी दिसते त्यामागे ही न भिजलेली मूठही आहे. दुसरे, बटाटा जोरकस मिक्सरमध्ये बराच वेळ फिरवला की त्यातला स्टार्च सुटून सूप खळीसारखे चिकट होते. रवीने घोटावे किंवा मिक्सर थांबत थांबत चालवावा. तिसरे, टोमॅटो घेवड्याच्या आधी पडला की आम्लामुळे घेवड्याचे साल कडक राहते. आंबट काहीही घेवडा शिजल्यावरच घालावे.

‘काल्दु वेर्द’ हे याच घराण्यातले सर्वांत नावाजलेले सूप, उत्तरेकडच्या मिन्यु भागातले. त्याला लागणारी कोबीची जात गड्डा धरत नाही. उंच दांड्यावर रुंद, गडद हिरवी पाने येतात आणि परसात एकदा लावली की महिनोन्महिने खालून एकेक पान तोडून नेता येते. (आपला ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आला, जसा ‘बटाटा’ आणि ‘पाव’.) पानांची मधली जाड शीर काढायची, पाने एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करायची आणि केसाइतकी बारीक चिरायची. सूप ऐन उकळीत असताना चिरलेली पाने टाकायची आणि पातेले उघडे ठेवून तीन ते पाच मिनिटे शिजवायची. झाकण ठेवले की पानांतली आम्ले वाफेबरोबर निघून न जाता परत पातेल्यात पडतात आणि हिरवा रंग शेवाळी, तपकिरी होतो. जाड चिरले तर पान चामट राहते. मग ते मऊ करायला वीस मिनिटे उकळतात आणि रंग, वास दोन्ही जातात. वाढताना प्रत्येक वाडग्यात धुरावलेल्या शोरिसुची, म्हणजे तिथल्या डुकराच्या सॉसेजची, एक चकती. एकच. ती वासापुरती असते. गोव्यातला चोरिस हा तिचाच व्हिनेगर-मिरचीतला भाऊबंद. आज उपाहारगृहांत तीन-चार चकत्या आणि वर मीठ असा प्रकार दिसतो, आणि भाजीच्या सूपाचे मांसाचे सूप होते. सॉसेज घातले असेल तर पातेल्यात वेगळे मीठ निम्मेच टाकावे.

दक्षिणेकडचा अलेंतेजु हा गव्हाचा मुलूख, तिथे पाव हेच मुख्य अन्न. तिथली आसोर्दा म्हणजे लसूण, कोथिंबीर, मीठ, तेल, पाणी आणि शिळा पाव. कोथिंबिरीच्या हिरव्या पानांचा एवढा मोकळा वापर युरोपातल्या पारंपरिक स्वयंपाकात फार थोड्या ठिकाणी सापडेल, मराठी स्वयंपाकघराला ही ओळख पटकन लागेल. चौघांसाठी लसणाच्या चार पाकळ्या, कोथिंबिरीची 50 ग्रॅमची जुडी आणि एक लहान चमचा जाडे मीठ खलबत्त्यात वाटायचे. मोठ्या वाडग्यात काढून त्यावर 75 मिलिलिटर तेल. एक लिटर पाण्यात चार अंडी फोडून सोडायची, पांढरे घट्ट झाले की बाहेर काढायची आणि तेच कढत पाणी वाडग्यात ओतायचे. अगदी शेवटी 400 ग्रॅम पावाचे हाताने तोडलेले तुकडे, वर अंडे, आणि लगेच खायचे. कढत पाणी लसूण-कोथिंबिरीवर पडायचे, त्यांना उकळायचे नाही. उकळले की कोथिंबिरीचा वास उडतो.

ही आसोर्दा कारखान्यातल्या पावाची होतच नाही. आंबवणाच्या पिठावर सावकाश फुगवलेला, दाट गराचा, जाड कवचाचा पाव दोन-तीन दिवसांनी आतून कोरडा होतो. पाणी शोषतो, पण तुकडा तुकडाच राहतो. झटपट यीस्टचा, हवेने भरलेला पाव त्याच पाण्यात अर्ध्या मिनिटात लगदा होतो. त्यामुळे अलेंतेजुतला आंबवणाचा पाव गेला की त्याबरोबर आसोर्दा, मिगश (शिळ्या पावाचाच एक पदार्थ) आणि अर्धा डझन सूपे जातात, आणि शिळा पाव न टाकण्याची सवयही जाते. एखादा पदार्थ वाचवायचा तर आधी त्याचा कच्चा माल वाचवावा लागतो.

पावाची दुसरी बाजू मिठाची. पोर्तुगीज माणूस जागतिक आरोग्य संघटनेच्या दिवसाला 5 ग्रॅम या मर्यादेहून बरेच अधिक मीठ खातो, आणि पाव रोज तीनदा पोटात जातो. 2009 मध्ये तिथे कायदा झाला: तयार पावात 100 ग्रॅममागे जास्तीत जास्त 1.4 ग्रॅम मीठ. पुढे बेकरीवाल्यांच्या संघटनांशी करार होऊन ही मर्यादा दरवर्षी थोडी खाली आणत 2021 पर्यंत 1 ग्रॅमवर न्यायचे ठरले. बेकरीच्या हिशेबात याचा अर्थ सांगतो, कारण कायदा ग्रॅममध्ये असला तरी पाव पिठाच्या प्रमाणावर होतो. 1 किलो पिठाचा भाजून साधारण 1.3 किलो पाव उतरतो. बहुतेक बेकऱ्यांत किलोला 20 ग्रॅम मीठ घालायची रीत असते, म्हणजे 100 ग्रॅम पावात दीड ग्रॅम. 1.4 साठी किलोला 18 ग्रॅम, 1 ग्रॅमसाठी 13 ग्रॅम. मीठ एकदम तोडले तर पीठ लवकर चढते, हाताला चिकटते आणि कवच फिके येते, कारण मीठ यीस्टला आवर घालते आणि पिठाला ताठ ठेवते. म्हणून मीठ कमी करताना यीस्टही कमी करावे, पाणी थंड घ्यावे आणि आंबवण्याचा वेळ वाढवावा. सावकाश आंबलेल्या पावाला स्वतःची आंबूस चव येते आणि मिठाची उणीव भासत नाही. दरवर्षी एकेक पायरी उतरल्याने गिऱ्हाइकाच्या जिभेलाही सवय व्हायला वेळ मिळतो. पोर्तुगालच्या सगळ्या उपायांत आम्हाला हा सर्वांत हुशार वाटतो, कारण घरात कोणाला काही शिकवावे लागत नाही आणि खर्चही नाही.

रानभाज्यांचा उल्लेख मराठी वाचकासाठी मुद्दाम करतो. अलेंतेजुत उन्हाळ्यात ‘बेल्द्रुएगश’चे सूप होते. ही भाजी म्हणजे आपली घोळ. शेतात आपोआप उगवणारी, कोणी विकत न घेणारी. कोवळे शेंडे आणि पाने साधारण अर्धा किलो, दोन कांदे, लसणाचे दोन अख्खे गड्डे (वरची सैल साले काढून, पाकळ्या न सोडवता), चार बटाटे, 100 मिलिलिटर तेल. कांदा तेलात मऊ करायचा, घोळ टाकून रंग उतरेपर्यंत परतायची, मग दीड लिटर पाणी, लसूण आणि बटाटे. बटाटे शिजले की त्यात अंडी सोडायची आणि ताज्या चीजच्या फोडी घालून पावावर ओतायचे. घोळ न परतता थेट पाण्यात टाकून शिजवत ठेवली तर बुळबुळीत होते. परतल्याने तिचा चिकटपणा बराच कमी होतो.

मध्य पोर्तुगालातल्या आल्वायाझेरे भागात ‘शीशारु’ खातात, तिचा उत्सवही भरतो. ही आपली लाख, विदर्भातली लाखोळी. पाणी नसलेल्या, खडकाळ जमिनीतही ती येते. दुष्काळात महिनोन्महिने तीच एक मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर तिच्यातल्या विषारी घटकामुळे पाय लुळे पडण्याचा रोग होतो, आणि याच कारणाने भारतात 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पोर्तुगीज रीत अशी की ती रात्रभर भिजवून पाणी फेकायचे, नव्या पाण्यात शिजवायची आणि खाऱ्या कॉड माशाबरोबर, हिरव्या भाजीबरोबर, तेल-लसूण घालून अधूनमधून खायची. हा घटक पाण्यात उतरतो, म्हणून भिजवलेले पाणी कधीही वापरू नये. गरिबीची खूण म्हणून टाकून दिलेले कडधान्य उत्सवाचे निमित्त करून पुन्हा ताटात आणणे, हे जत्रेचे चांगले उदाहरण आहे. इथे जत्रेमागे पीक उभे आहे.

तेलाबद्दल परंपरेचे गोडवे गाताना सावध राहायला हवे. जुन्या पोर्तुगालमध्ये घाण्यांची क्षमता कमी असे, म्हणून तोडलेली ऑलिव्ह ढिगाने कोठारात आठवडेच्या आठवडे पडून राहत, आंबत, आणि तेलाला कुबट वास येई. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तीच चव खरी मानली. आजच्या कसोटीवर तो दोष ठरतो. फळ तोडल्यापासून 24 तासांत घाण्यावर जावे, काढताना लगद्याचे तापमान 27 अंशांच्या खाली राहावे आणि आम्लता 0.8 टक्क्याच्या आत असावी. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ नावासाठी ही आम्लतेची अट आहे आणि शिवाय वास-चवीत दोष नसावा लागतो. ही परंपरा सुधारली ते बरेच झाले.

पण दुसरीकडे परंपरेतले चांगलेही सुटत आहे. 2002 मध्ये आल्केव्हा धरणाचे दरवाजे बंद झाले, अलेंतेजुत पाणी आले आणि त्यामागून दाट लागवडीचे मळे आले. जुन्या बागेत हेक्टरी शंभराच्या आसपास झाडे, या कुंपणासारख्या रांगांत 1,500 ते 2,000. बहुतेक झाडे आर्बेकिना या स्पॅनिश जातीची, कारण ती बुटकी राहते आणि यंत्राखाली येते. देशाचे तेल उत्पादन वाढून 2021 मध्ये 2 लाख टनांच्या पुढे गेले. पोर्तुगालची स्वतःची गालेगा जात मात्र मागे पडली. तिचे फळ बारीक असते, यंत्राने हलवले तरी सहज गळत नाही आणि ओल्या शरदात तिला करपा पटकन लागतो. शेतकऱ्याने ती का सोडली हे समजण्यासारखे आहे. तरी कोब्रांसोझासारख्या स्थानिक जातीचे तेल आर्बेकिनापेक्षा जास्त टिकते आणि चवीला तिखट-कडसर असते. मोउरा, त्राज-उज-मोंतिश अशा भागांच्या तेलांना मूळस्थानाचे संरक्षित नाव मिळाले आहे आणि त्या नावासाठी ठरावीक जातीच वापराव्या लागतात. दर वाढवून न देता शेतकऱ्याला जुनी जात ठेवायला सांगणे म्हणजे परंपरेचा खर्च त्याच्या माथी मारणे होय. उपाहारगृहांसाठी पोर्तुगालने 2005 मध्ये नियम केला की टेबलावरची तेलाची बाटली मोहोरबंद हवी आणि पुन्हा भरता येणार नाही अशी हवी. पूर्वी चांगल्या बाटलीत हलके तेल ओतले जाई.

आपल्या वाचकांसाठी याच संदर्भात एक गोष्ट. भारतात ‘ऑलिव्ह पोमेस ऑइल’ या नावाने जे स्वस्त तेल मिळते ते फळाचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने ओढून शुद्ध केलेले असते. भूमध्य आहारातले तेल ते नव्हे. ते विकत घेऊन घाण्याच्या शेंगदाणा तेलाला रजा देण्यात काहीही शहाणपण नाही.

माशांविषयी थोडक्यात. माणशी वर्षाला सुमारे 60 किलो मासा खाणारा पोर्तुगाल युरोपीय संघात सर्वांत पुढे आहे. त्यात मोठा वाटा आयात केलेल्या खाऱ्या कॉडचा, ‘बाकल्याव’चा. तो 24 ते 48 तास थंड पाण्यात, कातडी वर करून भिजवावा आणि पाणी तीन-चार वेळा बदलावे. कातडी खाली राहिली तर तिच्यावर मीठ अडकते. गरम हवेत बाहेर भिजवला तर मीठ उतरताच तो नासायला लागतो. किनाऱ्याचा स्वतःचा मासा मात्र तारली. तिचा साठा खालावला तेव्हा पोर्तुगाल आणि स्पेनने मिळून कित्येक वर्षे मर्यादा घातल्या, हंगाम आखडला, आणि साठा सावरला. तारली जून ते ऑक्टोबर या काळात चरबीने भरते. तेव्हाच ती निखाऱ्यावर स्वतःच्या तेलात भाजते आणि खालच्या पावाच्या तुकड्यावर तेल ठिबकते. वसंतातली रोड तारली जाळीला चिकटते आणि कोरडी होते.

शेवटी शाळा, कारण सवय तिथे लागते. पोर्तुगीज सरकारी शाळेच्या दुपारच्या जेवणात सूप, मुख्य पदार्थ, पाव, फळ आणि प्यायला फक्त पाणी असते. 2017 च्या कायद्याने शाळा, विद्यापीठे, रुग्णालये आणि तुरुंग यांच्या सार्वजनिक खानावळींत शाकाहारी पर्याय बंधनकारक झाला, आणि कडधान्ये सरकारी स्वयंपाकघरात परत आली. त्याच वर्षी गोड पेयांवर कर बसला. 2019 पासून त्याचे टप्पे लिटरमागे 25, 50 आणि 80 ग्रॅम साखर असे ठरले, तेव्हा कंपन्यांना टप्प्याखाली उतरण्यासाठी साखर कमी करणे परवडू लागले. 2021 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून तळलेले पदार्थ, गोड पेस्ट्र्या आणि कोलांची विक्री बंद झाली. सहा ते आठ वर्षांच्या मुलांत जादा वजनाचे प्रमाण 2008 मध्ये 38 टक्क्यांच्या आसपास होते, 2019 मध्ये ते 30 पर्यंत उतरले, 2022 मध्ये पुन्हा 32 च्या जवळ गेले. उतरलेले पुन्हा चढू शकते हे यात दिसते. शाळेच्या सूपाची खरी कसोटी ठेक्याच्या कागदात आहे. ठेका फक्त कमीत कमी दराला दिला की सूपात बटाटा आणि पाणी उरते. माणशी भाजीचे ग्रॅम आणि आठवड्यातून कडधान्याचे वार ठेक्यात लिहिलेले असले, आणि कोणीतरी येऊन वजन केले, तर सूप सूप राहते.

वाइनविषयी एवढेच की ती त्या आहाराच्या इतिहासात आहे, पण आरोग्याच्या नावाखाली कोणाला सुरू करायला सांगू नये.

आपल्या पुरवणीला आमची विनंती आहे की या आहारावर पुढे लेख छापताना तेलाच्या ब्रँडऐवजी भिजवायचे तास, भाजीचे ग्रॅम आणि पावातले मीठ छापावे. गोव्यातल्या पोदेरांकडे, म्हणजे पाववाल्यांकडे, कोंड्याचा पाव असलेली पोई अजून लाकडाच्या भट्टीत भाजली जाते. पोर्तुगालशी पावाचे हे नाते खरे आहे, आणि ते फक्त पर्यटनाच्या पानावर येते. पोई कोणत्या पिठाची, किती तास आंबवलेली, किलोला किती मिठाची, हे आरोग्याच्या पानावर यायला हवे. तेरा ते अठरा ग्रॅमचा हिशेब वर दिलाच आहे. कोणीही पोदेर तो तराजूवर करून पाहू शकतो.

आपले,
आहारशास्त्राचे दोन अभ्यासक, पणजी